खुलासा : कादंबरीतला ड्रॅक्युला उन्हाने जळत नाही

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर दोन दिवस एक मजकूर फिरतोय : ‘मूळ कादंबरीत ड्रॅक्युला सूर्यकिरणांनी जळून राख होतो, सिनेमाने ते जसंच्या तसं घेतलं.’ हे खरं नाही.

ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो. लंडनच्या पिकॅडिलीत, भर दिवसा, कादंबरीतला तरुण वकील जोनाथन हार्कर त्याला बघतो आणि बायकोसमोरच हार्करची बोबडी वळते. दिवसा ड्रॅक्युलाची शक्ती कमी होते, हवं तेव्हा रूप पालटता येत नाही, एवढंच. मला तर हेच जास्त भयंकर वाटतं. उजाडलं की सुटलो, ही सोय पुस्तकात नाहीच.

आणि शेवट? नोव्हेंबरात, सूर्य मावळता मावळता, हार्करची कुकरी ड्रॅक्युलाच्या गळ्यावरून फिरते आणि हार्करचा साथीदार क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात घुसतो. हो, कुकरीच, आपल्याला गुरख्यांमुळे माहीत असलेली. देहाची माती होते ती या घावांनी. उलट मावळतीनंतर त्याची ताकद परतणार, म्हणून तर सगळी धावपळ.

उन्हाने मरणं आलं पडद्यावरून. 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटात काउंट ऑरलॉक, म्हणजे नाव बदललेला ड्रॅक्युलाच, पहाटेच्या उजेडात विरून जातो. स्टोकरच्या पत्नीची परवानगी न घेता केलेला हा सिनेमा. तिने कोर्टात खेचला. पुढे 1958 च्या ब्रिटिश ‘ड्रॅक्युला’त ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग पडदे ओढून ऊन आत घेतो, तेच दृश्य बहुधा मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात असावं.

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.