‘कोरोना हे चीनचं जैविक अस्त्र’: त्या मेसेजमधले दावे तपासून पाहू

नागपुरातल्या कॉलनीच्या आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतो आहे. कोरोनाचा विषाणू चीनने वुहानच्या प्रयोगशाळेत अस्त्र म्हणून बनवला, जपानच्या नोबेल विजेत्याने तसं सांगितलं, त्यात एचआयव्हीचे तुकडे सापडले, आता सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेनेही कबूल केलं, आणि तो प्राण्यातून आला असता तर तो प्राणी एव्हाना सापडला असता, असं त्यात म्हटलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये या शहरात ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक वणवण फिरले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना हा आजार कुठून आला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यांच्या हाती खोटं उत्तर देणं मला अन्यायाचं वाटतं.

नोबेल विजेते म्हणजे तासुकु होन्जो. आपण वुहानच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काम केलं, असं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं गेलं. एप्रिल २०२०मध्येच त्यांनी क्योटो विद्यापीठामार्फत ते साफ नाकारलं. त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते कॅन्सरवरच्या उपचारांशी संबंधित संशोधनासाठी.

एचआयव्हीची गोष्ट आपल्याच देशातून सुरू झाली. दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांचा एक मसुदा जानेवारी २०२०च्या अखेरीस, तज्ज्ञांकडून तपासला जाण्याआधीच, प्रसिद्ध झाला. काही दिवसांतच त्यांनी स्वतः तो मागे घेतला. ज्या तुकड्यांवरून गहजब झाला ते इतके छोटे आहेत की, तसे इतर कितीतरी जीवांमध्ये सापडतात.

सीआयएचं म्हणणं मात्र नीट वाचायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये त्या संस्थेने प्रयोगशाळेशी निगडित उगम जास्त संभवतो असं म्हटलं, पण खात्री ‘कमी’ असल्याचं सांगून, आणि नैसर्गिक उगमही शक्य आहे हे जोडून. एफबीआयचा कल प्रयोगशाळेकडे आहे, तर इतर काही अमेरिकी संस्थांचा नैसर्गिक उगमाकडे. पण हा विषाणू अस्त्र म्हणून बनवलेला नाही, यावर २०२१ च्या अहवालात या गुप्तचर संस्थांचं एकमत होतं. चुकून निसटलेला विषाणू आणि मुद्दाम बनवलेलं अस्त्र हे दोन वेगळे आरोप आहेत. मेसेज पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरा गळी उतरवतो.

आता प्राण्याचा मुद्दा. २००२-०३ च्या सार्सच्या (कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूच्या आजाराच्या) साथीवेळी उदमांजराच्या जातीच्या प्राण्यांत विषाणू लवकर सापडला, पण युन्नानमधल्या वटवाघळांच्या गुहेपर्यंत धागा जुळायला २०१७ उजाडलं. जंगली प्राणीही विकले जात तो वुहानचा हुआनान बाजार १ जानेवारी २०२० ला बंद झाला आणि तिथल्या जिवंत जंगली प्राण्यांची तपासणी झालीच नाही. नंतर तिथल्या गाळ्यांतून घेतलेल्या काही नमुन्यांत विषाणू आणि रॅकून डॉग या प्राण्याचा जनुकीय अंश एकत्र मिळाला. त्यावरून तो प्राणी तिथे होता एवढं कळतं, त्याला लागण झाली होती हे नाही. डिसेंबर २०१९ मधल्या ज्ञात रुग्णांची घरं मात्र त्या बाजाराभोवती दाटलेली दिसतात, बाजाराशी संबंध नसलेल्यांचीसुद्धा. मला हा पुरावा वजनदार वाटतो, तरी निर्णायक नाही.

एका प्राण्याचा आजार दुसऱ्यात शिरणं आपल्यालाही परकं नाही. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले.

प्रयोगशाळेवरचा संशय हवेतला नाही, हेही ठामपणे सांगतो. वुहानच्या विषाणूशास्त्र संस्थेत वटवाघळांच्या कोरोनाविषाणूंवर अनेक वर्षं काम चालू होतं. अशा विषाणूंत पेशीत शिरायला मदत करणारा एक विशिष्ट भाग घालून पाहण्याचा विचार तिच्या अमेरिकी भागीदारांच्या २०१८ च्या प्रस्तावात होता. त्याला निधी मिळाला नाही, पण तसाच भाग या विषाणूत आहे, म्हणून प्रश्न विचारला जाणारच. मात्र ‘तिथला वटवाघळांतला एक विषाणू कोरोनाशी ९६ टक्के जुळतो’ म्हणून तोच मूळ विषाणू, हे चुकीचं आहे. सुमारे ३०,००० अक्षरांच्या जनुकीय साखळीत चार टक्के म्हणजे हजाराहून अधिक फरक, निसर्गात काही दशकं लागावीत एवढे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मध्ये उपलब्ध पुरावा प्राण्यातून आलेल्या संसर्गाकडे झुकतो असं सांगितलं, पण सगळ्या शक्यता खुल्या ठेवल्या. त्यांनी चीनकडे सुरुवातीच्या रुग्णांमधल्या विषाणूंची जनुकीय माहिती, बाजारांत विकल्या गेलेल्या प्राण्यांचा तपशील आणि वुहानच्या प्रयोगशाळांतल्या कामाची व सुरक्षिततेची माहिती मागितली होती. अहवाल निघेपर्यंत ती मिळालेली नव्हती.