गोळी नको, आवळा चालेल: हा दुटप्पीपणा का नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि मुद्दा खरोखर महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो. धावणाऱ्यांना रोज क जीवनसत्त्वाची गोळी घेऊ नका म्हणणारा मी पुढच्याच परिच्छेदात आवळा, कोकम, डाळिंब खायला सांगतो. अँटिऑक्सिडंट दोन्हींत आहे, मग हा दुटप्पीपणा नाही तर काय, असं तुम्ही विचारलंय.

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट धावत चढताना मांड्यांच्या स्नायूंत मुक्त मूलकं (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू; अँटिऑक्सिडंट त्यांनाच निष्प्रभ करतात) वाढतात, इथवर आपलं एकमत आहे. तुम्ही त्यांना निव्वळ कचरा मानता, तिथे माझा विरोध आहे. त्यांच्यापासून बनणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीला निरोप देतं: मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढवा, संरक्षक विकरं (एन्झाइम) वाढवा. सरावाचा फायदा काही अंशी या निरोपातूनच येतो.

2009 साली जर्मनीत रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. काहींना रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व दिलं. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा. 2014 च्या नॉर्वेतल्या 11 आठवड्यांच्या प्रयोगात मात्र ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखीच वाढली. फक्त मायटोकाँड्रियाशी संबंधित काही प्रथिनांची वाढ गोळीवाल्यांत खुंटली. हा निकाल थोडा तुमच्या बाजूने झुकतो, मान्य. म्हणूनच गोळीने धावणं बिघडतं असं मी लिहिलेलं नाही. घाम गाळून मिळवायचं ते पैसे मोजून कमी का करून घ्यायचं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आवळा. एका आवळ्यातून साधारण शे-दीडशे मिलिग्रॅम क मिळतं. त्या गोळीची बरोबरी करायला रोज सात ते दहा खावे लागतील. डाळिंब-कोकमातली पॉलिफेनॉलं (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगं) रक्तात फार थोडी पोचतात आणि तीही रूप बदलून. ती स्नायूत जाऊन मूलकं टिपून काढतात, हे जाहिरातीतलं चित्र मलाही पटत नाही. ती पेशीला किंचित डिवचतात, एनआरएफ-2 नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि शरीर आपली विकरं आपणच बनवतं. यातला बराच पुरावा प्रयोगशाळेतल्या पेशी आणि प्राण्यांवरचा आहे, तरी दिशा गोळीच्या उलट आहे.

शर्यतीच्या आठवड्याची गोष्ट निराळी. लंडन मॅरेथॉनच्या 20 धावपटूंवरच्या अभ्यासात आधीचे पाच दिवस, शर्यतीचा दिवस आणि नंतरचे दोन दिवस आंबट चेरीचा रस घेणाऱ्यांच्या पायांतली ताकद लवकर परत आली. तेव्हा शरीर घडवायचं नसतं, सावरायचं असतं.

रविवारच्या लाँग रनआधी बाटलीत फसफसणारी गोळी टाकणारे आमच्या गटातही आहेत. त्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिली असेल तर मुळीच थांबवू नका. तशी नसेल, तर निदान सरावाच्या महिन्यांत ती बाजूला ठेवा आणि धावून आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या.