'दिशाभूल' म्हणणाऱ्या वाचकांस उत्तर

इंग्रजी शब्द यादी आणि वहीच्या मदतीने कसे शिकावेत, या माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेबद्दल आभार. "घोकंपट्टीला अभ्यासाचं नाव देऊन मुलांची दिशाभूल चालली आहे, शब्द वाचनातून येतात, याद्यांतून नाही," असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असू शकतात, पण 'दिशाभूल' हा शब्द मला लागला. मी काही विकत नाही, कुठल्या क्लासची जाहिरात करत नाही. मग हा आरोप कशाच्या जोरावर? समोरासमोर असतो तर तुम्ही असं बोलला असतात का?

एक मान्य. भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांची इंग्रजीतल्या शैक्षणिक शब्दांची यादी २००० सालची आहे आणि नंतर नव्या याद्या आल्या, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण जुनी म्हणून ती टाकाऊ होत नाही. त्यात ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) आहेत आणि शैक्षणिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यांतले असतात. पहिल्या उपयादीत ६०, सर्वांत जास्त वेळा येणारी. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाने सुरुवात कुठून करायची, याचं याहून सरळ उत्तर असेल तर जरूर सांगा. 'भरपूर वाचा' हे उत्तर नव्हे. शब्द डोक्यात बसायला तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. नुसत्या वाचनात तो परत कधी भेटेल याचा भरवसा नाही, आणि परीक्षेची तारीख तोवर थांबत नाही.

वाचनाचं महत्त्व मला शिकवू नका. माझं शालेय शिक्षण इंग्रजीतून झालेलं नाही. कॉलेजात इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडला, तरी निबंध लिहायला बसले की लेखणीत तेच चार शब्द यायचे. फरक पडला तो वही घातल्यावर. वर 'कॉन्ट्रिब्यूट', खाली 'कॉन्ट्रिब्यूट टू', त्याखाली 'कॉन्ट्रिब्यूशन', मग माझ्या विषयातलं माझं स्वतःचं वाक्य. दुसऱ्या दिवशी शब्द हाताने झाकायचा आणि अर्थावरून आठवायचा. आठवला तर पुढची उजळणी आणखी उशिरा, नाही आठवला तर उद्या पुन्हा. याला तुम्ही घोकंपट्टी म्हणता? घोकताना शब्द डोळ्यांसमोर असतो. इथे तो झाकलेला असतो आणि डोक्यातून ओढून काढावा लागतो. सगळी मेहनत तिथेच आहे.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या भागात शब्दसंपदा हा चार समान निकषांपैकी एक. म्हणजे पाव वजन. तिथे नुसते जड शब्द पेरून भागत नाही, शब्द कुणाच्या जोडीने आला तेही पाहतात. 'मेक रिसर्च' लिहिणाऱ्याला दोन्ही शब्द माहीत असतात, तरी 'कंडक्ट रिसर्च' लिहिणारा पुढे जातो. ही जोडी वाचताना डोळ्यांखालून सहज निसटते, वहीत लिहिली की निसटत नाही. लेखाच्या उत्तरार्धात हे सविस्तर आहे. तुम्ही तिथवर पोचला नाहीत, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून स्पष्ट दिसतं.

लिसनिंगवर एक ओळही नाही, ही तुमची तक्रार. लेख शब्दांवर होता. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.