मॉरिशसच्या संसदेत मुसलमानांसाठी आठ जागा राखीव नाहीत

मॉरिशसबद्दलचा एक लांबलचक मेसेज गेले काही आठवडे मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. काल तो माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो मला पाठवून विचारलं, "हे खरं आहे का रे?" तिने निदान विचारलं तरी. ज्यांनी न विचारता पुढे ढकलला त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. मॉरिशस घटनेनेच हिंदू राष्ट्र आहे. तिथे पंतप्रधान हिंदूच असावा असा कायदा आहे. तरीही प्रत्येक निवडणुकीनंतर पडलेल्या मुस्लिम उमेदवारांना आठ जागा फुकट वाटतात. एवढं सोडलं तर तिथे वंशाचं, जातीचं राजकारण नाही. आणि मराठी माणसाला तिथे स्वतंत्र कोटा असून मराठीला राजभाषेचा दर्जा आहे. सोबत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा फोटो. पुतळा खरा आहे, २०२३ मध्ये बसवला. त्याचा या दाव्यांशी काही संबंध नाही.

हिंदू राष्ट्राचा मुद्दा लगेच संपतो. मॉरिशसच्या घटनेचं पहिलं कलम देशाला सार्वभौम लोकशाही राज्य म्हणतं आणि तिथेच थांबतं. राज्याचा कुठलाही धर्म नाही. २०११ च्या जनगणनेत हिंदू ४८.५ टक्के होते, ख्रिस्ती साधारण एक तृतीयांश आणि मुस्लिम १७ टक्क्यांहून थोडे जास्त. सरकार धार्मिक संस्थांना अनुदान देतं, पण ते एकट्या हिंदूंना नाही, तर मान्यता असलेल्या अनेक धर्मगटांना, अनुयायांच्या संख्येच्या हिशेबाने. सार्वजनिक सुट्ट्यांमध्ये महाशिवरात्र, तमिळांची कावडी, उगादी, गणेश चतुर्थी आणि दिवाळी आहे, तशीच ईद, चिनी नववर्ष आणि नाताळही आहे.

आता आठ जागा. सगळ्यात विषारी दावा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

त्या जागांना तिथे 'बेस्ट लूजर' (पडलेल्यांतले सर्वांत सरस) म्हणतात आणि त्यांचे नियम घटनेच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. परिशिष्ट फार मोठं नाही, कुणीही तासाभरात वाचू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडलेलं नाही, हे पहिल्याच ओळीवरून कळतं. संसदेत ६२ सदस्य थेट निवडून येतात: मुख्य बेटावरच्या २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन. त्यानंतर जास्तीत जास्त आठ जणांची भर पडते. परिशिष्टात चार समाज सांगितले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि या तिघांत 'जीवनपद्धतीवरून' न बसणारा प्रत्येक जण, म्हणजे 'जनरल पॉप्युलेशन'. अर्ज भरतानाच उमेदवाराला आपला समाज लिहावा लागतो. बेस्ट लूजर कुठल्याही समाजाचा होऊ शकतो, अगदी हिंदूही. अट एवढीच, की तो एखाद्या पक्षाचा उमेदवार हवा. अपक्षाला ही जागा मिळत नाही.

हिशेब असा चालतो. प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची आणि त्या समाजाच्या निवडून आलेल्या सदस्यांत एक मिळवून येणाऱ्या संख्येने तिला भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्या समाजाला पहिली जागा. ती दिली की त्या समाजाचा एक सदस्य वाढला असं धरून पुन्हा भागायचं. लोकसंख्या १९७२ च्या जनगणनेची धरतात: हिंदू सुमारे ४ लाख २८ हजार, जनरल पॉप्युलेशन २ लाख ६१ हजार, मुस्लिम १ लाख ३७ हजार, चिनी २४ हजार.

समजा, ६२ मध्ये ३६ हिंदू, १७ जनरल पॉप्युलेशन, ८ मुस्लिम आणि १ चिनी निवडून आले (आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत). हिंदूंचा भागाकार ४ लाख २८ हजार भागिले ३७, म्हणजे साधारण ११,६००. जनरल पॉप्युलेशनचा १४,५००, मुस्लिमांचा १५,२००, चिन्यांचा १२,०००. पहिली जागा मुस्लिम उमेदवाराला. आता मुस्लिम नऊ झाले, त्यांचा भागाकार १३,७०० वर उतरला, म्हणून दुसरी जागा जनरल पॉप्युलेशनला. उलट मुस्लिम मुळातच अकरा निवडून आले असते तर त्यांचा भागाकार ११,४०० झाला असता, हिंदूंपेक्षाही खाली, आणि ते रांगेत शेवटी गेले असते. एकही चिनी निवडून आला नसता तर २४ हजार भागिले एक, म्हणजे २४ हजारच. देशातला सगळ्यात छोटा गट सगळ्यांच्या पुढे. ठरावीक समाजाला ठरावीक आठ जागा ही गोष्ट या सूत्रात कुठेच बसत नाही.

त्या समाजातला नेमका कोण, हेही ठरलेलं आहे: पडलेल्या उमेदवारांपैकी ज्याने आपल्या मतदारसंघात टक्केवारीने सर्वाधिक मतं घेतली तो.

शिवाय आठांतल्या फक्त पहिल्या चार जागा पक्ष न पाहता दिल्या जातात. उरलेल्या चार पक्षांमधला तोल सांभाळण्यासाठी आहेत. पहिल्या चारांतल्या जेवढ्या जागा सर्वांत यशस्वी पक्षाबाहेर गेल्या, तेवढ्या दुसऱ्या फेरीत त्या पक्षाच्या पडलेल्या उमेदवारांना मिळतात, अर्थात योग्य समाजाचा उमेदवार उरला असेल तर. १९६७ मध्ये स्वातंत्र्य मागणारे नेते शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीचे ३९ आणि विरोधी पक्ष पीएमएसडीचे २३ निवडून आले होते. बेस्ट लूजरनंतर ते ४३ आणि २७ झाले. दोघांना चार-चार. जिंकणाऱ्याचं बहुमत जागेवर राहिलं.

आणि दर वेळी आठ जागा भरतातच असंही नाही. १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये एका आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या. तिचा एकही उमेदवार पडला नव्हता, मग तोल सांभाळायला बेस्ट लूजर आणायचा कुठून? त्या तिन्ही वेळा जागा चारच दिल्या गेल्या. २०२४ नंतर विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार याच मार्गाने संसदेत आले. ते मुस्लिम नाहीत, जनरल पॉप्युलेशनमधले आहेत. ही व्यवस्था नसती तर मुख्य बेटावरून विरोधी बाकावर बसायला एकही माणूस उरला नसता.

असं ६०-० कसं होतं? मतदाराला तीन फुल्या माराव्याच लागतात. दोन किंवा चार मारल्या तर मतपत्रिका बाद. लोक बहुधा एकाच आघाडीच्या तिघांना मत देतात, मग थोड्या मतांनी पुढे असलेला पक्ष तिन्ही जागा उचलतो. भरीला मतदारसंघही असमान आहेत. सावान-ब्लॅक रिव्हरमध्ये ६० हजारांहून जास्त मतदार, राजधानी पोर्ट लुईच्या सर्वांत लहान मतदारसंघात जवळपास तिसरा हिस्सा, आणि दोन्हीकडे सदस्य तीनच.

हे सगळं आलं कुठून, तेही लक्षात घ्या. १९६७ ची निवडणूक म्हणजे स्वातंत्र्यावरचं मतदान होतं आणि सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या गाएताँ द्युवाल यांच्या पीएमएसडीला गेली, कारण हिंदू बहुसंख्याकांचं राज्य येईल ही भीती क्रिओल (आफ्रिकी, मादागास्करी गुलामांचे वंशज), गोऱ्या आणि चिनी लोकांत मोठी होती. अब्दुल रझाक मोहम्मद यांच्या मुस्लिम समितीने रामगुलामांना साथ दिली ती प्रतिनिधित्वाची हमी मागून. त्याआधी १९६६ मध्ये ब्रिटिशांनी नेमलेल्या बॅनवेल आयोगाने निवडणूक पद्धत सुचवली, तिच्यावर वाद झाला, ब्रिटिश मंत्री स्टोनहाउस यांनी बेटावर येऊन तडजोड घडवली आणि आठ जागांचं सूत्र पक्कं झालं. तरी जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटलीच आणि ब्रिटिश सैनिक आणावे लागले. १२ मार्चला स्वातंत्र्य मिळालं ते या वातावरणात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. समाजाच्या नावावर पडलेल्या उमेदवाराला संसदेत बसवणं ही सदोष पद्धत आहे, आणि हे मॉरिशसमधले लोकच कितीतरी वर्षं सांगत आहेत. १९८२ मध्ये जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला, पण जागांचा हिशेब १९७२ वर गोठवून ठेवला. समाज लिहायला नकार देणाऱ्या उमेदवारांचे अर्ज बाद झाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले, आणि २०१२ मध्ये समितीने निर्णय दिला की अद्ययावत आकडे नसताना समाज जाहीर करायची सक्ती मनमानी आहे. मग २०१४ च्या निवडणुकीपुरती तात्पुरती सूट मिळाली. ही टीका खरी आहे, पण ती मेसेजमधली टीका नव्हे. गोठवलेल्या आकड्यांत मुस्लिम १६ टक्के आहेत आणि २०११ च्या जनगणनेत १७ च्या वर. म्हणजे जुन्या आकड्यांनी त्यांचा फायदा झालेला नाही.

'वंशाचं, जातीचं राजकारण नाही' हे वाचून तर राग येतो. जनरल पॉप्युलेशन हा रकाना पाहा. साखरमळ्यांचे मालक असलेल्या फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचे वंशज आणि त्यांच्याच मळ्यांवर १८३५ पर्यंत गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकी, मादागास्करी लोकांचे क्रिओल वंशज, दोघेही त्यात. गुलाम मोकळे झाले तेव्हा भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नाही. त्यामुळे जनरल पॉप्युलेशनला जागा मिळाली म्हणून क्रिओल माणसाला मिळाली असं होत नाही. क्रिओल समाजाच्या या कुचंबणेला १९९३ पासून 'मालेज क्रिओल' असं नावच पडलं आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि काही दिवस देश पेटला होता. २०११ च्या सत्य आणि न्याय आयोगाच्या अहवालात गुलामांच्या वंशजांच्या बळकावलेल्या जमिनींवर आणि वंशभेदावर सविस्तर लिहिलं आहे. हिंदूंमध्येही सगळं एक नाही. वैश्य गट मोठा, आणि तिकीट देताना पक्ष तोही बघतात. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला, तमिळ समाज रस्त्यावर उतरला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. १९६९ मध्ये निघालेला एमएमएम पक्ष 'वंशलढ्याऐवजी वर्गलढा' म्हणत उभा राहिला, आणि पुढे आघाड्या करताना त्यालाही हीच गणितं मांडावी लागली.

पंतप्रधानाबद्दल असा कुठलाही कायदा नाही. संसदेत ज्याच्यामागे बहुमत दिसेल त्याला राष्ट्रपतींनी नेमायचं, एवढंच घटनेत आहे. २००३ ते २००५ या काळात पॉल बेराँजे पंतप्रधान होते, फ्रेंच वंशाचे. अर्थात ते एकटेच. २००० च्या निवडणुकीआधी आघाडीतले जोडीदार अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याशी तीन वर्षं तुम्ही, दोन वर्षं मी, असा करार झाला होता म्हणून ते झाले. बाकी सगळा काळ हे पद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांतच फिरलं. कायदा नाही, पण पक्षांची सवय पक्की आहे.

उरली मराठी. राजभाषा म्हणून घटनेत कुठल्याच भाषेचं नाव नाही. संसदेची भाषा इंग्रजी, आणि फ्रेंचमध्ये बोलायला परवानगी. मराठी तिथल्या प्राथमिक शाळांत पूर्वजांची भाषा म्हणून शिकवतात, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचा विभाग आहे. कोकणातून गिरमिटावर गेलेल्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढीने ती टिकवली आहे आणि त्याचं कौतुक वाटतं. पण मराठी कोटा नाही. जनगणनेत मराठी, तमिळ, तेलुगू हे वेगळे नोंदवले जातात, तरी परिशिष्टाच्या चार रकान्यांत त्यांना वेगळी जागा नाही. मराठी उमेदवार जिंकला तर हिंदू सदस्य म्हणून मोजला जातो, पडला तरी हिंदूंच्याच रांगेत उभा राहतो, आणि त्या रांगेचा भागाकार बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतो.