स्टार गोळा केले की ‘विक्रम’ होतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतो. तमिळ अ‍ॅक्शनपट म्हणजे काय, तर चार मोठे हिरो गोळा करा, शे-दोनशे कोटी ओता, कानठळ्या बसवणारं म्युझिक लावा, झालं ब्लॉकबस्टर. कथा कोण बघतंय! वर नुसती हिंसा, आणि बायका मारण्यापुरत्याच. शेवटी टोमणा असतोच: एवढे पैसे दिले तर मराठीतही ‘विक्रम’ निघेल. उदाहरण त्यांनीच दिलंय, तेव्हा त्यावरच बोलू.

पहिला मुद्दा, स्टार आहेत पण कथा नाही. 3 जून 2022 ला आलेला, लोकेश कनगराजने दिग्दर्शित केलेला तमिळ ‘विक्रम’ सुरू होतो तोच मुळी कमल हासनला मारून. एक नाचगाणं होतं आणि लगेच मुखवटेवाले कर्णन नावाच्या या माणसाला संपवल्याचा व्हिडिओ येतो. तिथून सूत्रं फहाद फासिलच्या अमर या गुप्त तपास अधिकाऱ्याकडे. हा कर्णन होता तरी कोण, हे तो दारोदार विचारत फिरतो. कुणी म्हणतं दारुडा होता, कुणाला आठवतं ते त्याचं नातवावरचं वेड, आणि कुठलीच दोन उत्तरं जुळत नाहीत. ज्याच्या नावावर तिकिटं खपली तो माणूस मध्यंतरापर्यंत बराचसा दुसऱ्यांच्या आठवणींतच भेटतो. मुखवटा उतरतो, कर्णन मेलेला नाही, तोच विक्रम आहे हे कळतं, तेव्हा कुठे हिरोची खरी एंट्री. नुसता स्टार विकायचा असता तर कुठल्या निर्मात्याने हे चालू दिलं असतं? इथे तर निर्माता खुद्द कमल हासनच होता.

आणि थिएटरात सगळ्यात मोठ्या शिट्ट्या कुणाला पडल्या? ज्या दोन-तीन जागांची नावं लोक घेतात, त्यांत एक एजंट टीनाची. कर्णनच्या घरातली मोलकरीण. अर्धा सिनेमा ती मागे कुठेतरी वावरते, कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही. घरावर मारेकरी चालून येतात आणि हीच बाई हाताला लागेल ते हत्यार करून एकेकाला लोळवते. ही भूमिका केली वसंतीने. ती नृत्यदिग्दर्शकांची सहायक म्हणून वर्षानुवर्षं कॅमेऱ्यामागे राबलेली. तिच्या नावावर एक तिकीट खपलं नसेल. तो प्रसंग उभा राहिला तो तासभर आधीपासून तिला गप्प ठेवल्यामुळे. याला लेखन म्हणतात, आणि ते पैशाने वाढत नाही.

विजय सेतुपतीचा संदनम बघा. उलटलेल्या रिक्षातून बाहेर येणारा, पोट सुटलेला, तीन बायकांच्या भरल्या घरात राहणारा खलनायक. जिममध्ये घडवलेल्या खलनायकांच्या काळात हा माणूस शेजारच्या किराणा दुकानदारासारखा दिसतो आणि म्हणूनच जास्त भीती घालतो. (तमिळ स्टार सूर्याचा रोलेक्स नावाचा गुंड शेवटी येऊन मिनिटांत सगळं खिशात घालतो, ती मात्र शुद्ध स्टारगिरी. मला ती आवडली, हेही सांगून टाकतो.)

दुसरा मुद्दा, पैसा ओतला की चालतं. मग ‘इंडियन 2’ का आपटला? तोच कमल हासन, वर शंकरसारखा दिग्दर्शक, 2024 साल. त्याच वर्षी सूर्याचा ‘कंगुवा’ त्याच वाटेने गेला. 2025 मध्ये ‘ठग लाइफ’मध्ये कमल आणि मणिरत्नम इतक्या वर्षांनी एकत्र आले, तरी तोही पडला. ‘विक्रम’च्या आधी 2018 मध्ये ‘विश्वरूपम 2’ कधी आला नि कधी गेला, कळलंही नाही. स्टारच्या नावावर सगळं चालत असतं तर हेच कमल 2021 ला कोइंबतूर दक्षिणमधून विधानसभेवर निवडून गेले असते. 1,728 मतांनी हरले. वर्षभराने त्याच माणसाचा ‘विक्रम’ जगभरात चारशे कोटींच्या पुढे गेला.

बरं, उलटा प्रयोगही झालेला आहे. ‘विक्रम’ची गोष्ट ज्याला जोडलेली आहे तो लोकेशचाच ‘कैदी’ 2019 च्या दिवाळीत आला. गाणं नाही, नायिका नाही, एक रात्र, एक लॉरी आणि मागे बेशुद्ध पडलेले पोलीस. तुफान चालला. 2023 मध्ये हिंदीत त्याचा ‘भोला’ झाला. अजय देवगण आला, तब्बू आली, गाणी आली, स्टंट वाढले. अपेक्षेइतका चालला नाही. भर घातली, आणि नेमकी तीच अंगाशी आली.

तिसरा मुद्दा गोंगाटाचा. इथे तर मला हसूच आलं. या सिनेमात एक तान्हं बाळ आहे, विक्रमचा नातू. हृदयाचा आजार, मोठा आवाज त्याला सोसत नाही. बंदुकांच्या सिनेमात असं बाळ आणून ठेवलं की प्रत्येक गोळीचा हिशेब बदलतो. शेवटच्या धुमश्चक्रीत आजोबा शत्रूकडे बघू की बाळाच्या छातीकडे, अशा पेचात सापडतो. अनिरुद्धचं संगीत मोठं आहे, कबूल. पण आवाज हाच धोका आहे हे पटकथेने आधीच सांगून ठेवलंय.

एका बाबतीत मात्र तो मजकूर बरोबर आहे, हिंसा आणि बायका. अमरच्या बायकोचा खून होतो तो केवळ अमरने पेटून उठावं म्हणून. ही युक्ती जुनी, आळशी आणि आता उबग आणणारी. टीनालाही शेवटी मारलंच. उत्तरार्धातली गोळीबाराची दृश्यं दहा मिनिटांनी कापली असती तर काही बिघडलं नसतं.

राहिला मराठीचा टोमणा. ‘सैराट’मध्ये कोण स्टार होते हो? रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर, दोघंही त्याआधी कुणाला माहीत नव्हते. आणि बजेटचंच रडायचं असेल तर ‘कैदी’मधला बिर्याणीचा प्रसंग पुन्हा लावून बघा. इतकी वर्षं तुरुंगात काढलेला, दिल्ली नावाचा नायक (अभिनेता कार्ती) पुढ्यात बादली ओढतो आणि हाताने बकाबका खात सुटतो. सगळे आ वासून बघत राहतात. त्या प्रसंगाला लागलं काय? कार्ती, बादली आणि बिर्याणी.