‘राउटर अपडेट करू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय: फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट हा जुना राउटर मुद्दाम संथ करून नवा खपवायचा कंपन्यांचा डाव आहे. अपडेटनंतर नेट गेलं, तर मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा, सगळं पूर्ववत होईल. नाही झालं तर राउटर मेला, नवा आणा. आणि यापुढे ऑटो अपडेट कायमचं बंद ठेवा.

सगळ्यात घातक सल्ला पिनेचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

परवा समोरच्या काकूंनी हाक मारली. ‘अरे, लेकीचा जर्मनीहून फोन यायचाय आणि नेटच नाही.’ राउटरशेजारी केसांचा आकडा सरळ करून ठेवलेला दिसला, तेव्हाच काय झालं असेल ते कळलं. फायबरची जोडणी दाखवणारा, पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा होता, सिग्नल तुटला की लागणारा एलओएसचा दिवा विझलेला होता, म्हणजे फायबर ठणठणीत. फक्त इंटरनेटचा दिवा लाल. मूळ तक्रार विचारली तर फारच लहान निघाली: रात्री राउटरने अपडेट घेतला आणि सकाळी काकूंचा जुना फोन वायफायला जोडला जाईना. काकांचा नवा फोन मात्र व्यवस्थित चालत होता.

नवा फोन चालतो आणि जुना चालत नाही, तेव्हा आधी सुरक्षेचं सेटिंग बघायचं. ते नुसत्या डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वायफायच्या सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर गेलं असेल, तर जुनी उपकरणं बाहेर राहतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) आणि डब्ल्यूपीए३ एकत्र असा पर्याय निवडायचा, फोनमधलं जुनं नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाकायचा. पाच मिनिटांचं काम. स्मार्ट प्लग किंवा कॅमेरा रुसला असेल, तर वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांचं नाव एकच झालंय का तेही बघा. अशी बरीच उपकरणं फक्त २.४ वर चालतात, आणि दोन्हींना वेगळी नावं दिली की बहुतेक वेळा जोडली जातात.

पिनेने यातलं काहीच होत नाही. रिसेट केल्याने जुना फर्मवेअर परत येत नाही. फर्मवेअर नवाच राहतो, पुसली जातात ती तुमची सेटिंग्ज: वायफायचं नाव, पासवर्ड, आणि कनेक्शन पीपीपीओईवर, म्हणजे राउटरने लॉगिन करायच्या पद्धतीवर असेल तर त्याचं युजरनेम, पासवर्ड आणि असलाच तर कंपनीने दिलेला व्हीलॅन नंबर. हे गेलं की फायबर शाबूत असूनही नेट मिळत नाही. काकूंचं युजरनेम जुन्या पावतीवर सापडलं. पासवर्डसाठी केबलवाल्या दादांना फोन लावला, त्यांनी तो संध्याकाळी सातला दिला. लेकीचा फोन तोवर येऊन गेला होता. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं म्हणजे रीस्टार्ट, आणि तो बिनधास्त करा. पिनेला हात लावण्याआधी मात्र ही माहिती कागदावर हवीच.

आता संथ करण्याच्या डावाबद्दल. अपडेटनंतर वेग कमी झाल्याचा अनुभव खरा असू शकतो, आणि एखाद्या आवृत्तीत चूकही असते. राउटर परवानगी देत असेल तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं. पण आधी लॅपटॉप लॅन केबलने जोडून वेग मोजा. तिथे पूर्ण वेग मिळाला तर दोष वायफायच्या सेटिंगचा: फोन २.४ वर गेलाय, किंवा चॅनलची रुंदी (वायफाय वापरतो तो पट्टा) कमी होऊन २० मेगाहर्ट्झ झालीय. केबलवरही कमीच असेल तर क्यूओएस, म्हणजे कोणत्या कामाला नेट आधी द्यायचं ते ठरवणारं सेटिंग, चालू झालंय का पाहा. त्यामुळे काही राउटरमध्ये सगळा भार प्रोसेसरवर पडतो. वेग ९५ एमबीपीएसच्या आसपासच अडकत असेल, तर केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असण्याची शक्यता आहे.

राउटर मेला म्हणण्याची घाई तर करूच नका. अपडेट चालू असताना वीज गेली तर तो खरंच अडकू शकतो. म्हणून पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते त्या वेळेत हा उद्योग नको. तरीही बऱ्याच मॉडेलमध्ये रिकव्हरीची, म्हणजे फर्मवेअर पुन्हा भरायची सोय असते, त्याची फाइल मात्र स्टिकरवरच्या त्याच हार्डवेअर आवृत्तीची हवी. सारखा बंद-चालू होत असेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहा. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत तो मिळतो, फक्त ९ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा यांत गल्लत करू नका, पिन सारखीच दिसते.

‘कधीच अपडेट करू नका’ हे वाचून मला खरोखर राग आला. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक नावाची त्रुटी उघड झाली, ती अपडेटनेच बुजली. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने ५४ देशांत ५ लाखांहून अधिक राउटर आणि स्टोरेज उपकरणं ग्रासली, आणि उपकरण कायमचं निकामी करायची आज्ञाही त्यात होती. काकांचं पेन्शन आणि बँक त्याच डब्यातून चालतं.

काकूंचं ऑटो अपडेट मी चालूच ठेवलंय, पहाटे तीनच्या वेळेवर. सेटिंगच्या पानांचे फोटो त्यांच्या फोनमध्ये आहेत, आणि युजरनेम-पासवर्ड काकांनी गॅसच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवलाय.