नैरोबीत मटाटूने फिरणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

नैरोबीला निघालात? वा! विमानतळाजवळून २७ किलोमीटरचा टोलचा एक्सप्रेसवे जातो, २०२२ साली सुरू झालेला. टॅक्सीने त्यावरून गेलात तर सरळ हॉटेलात पोचाल आणि घरी येऊन सांगण्यासारखं काहीच घडणार नाही. तेवढ्यासाठी का एवढ्या लांब केनियाला निघालात? मटाटू पकडा.

मटाटू म्हणजे तिथलं वडाप. १४ सीटांची व्हॅन, नाहीतर मिनीबस. बाहेरून फुटबॉलपटू, रॅपर आणि येशू ख्रिस्त एकाच पत्र्यावर गुण्यागोविंदाने नांदत असतात. आत निळे दिवे, टीव्हीचे पडदे आणि बरगड्यांपर्यंत पोचणारं संगीत. आवाज कमी करायला कंडक्टरला जरूर सांगा. तो फार गोड हसतो. कॉलेजची पोरं तर साधी गाडी सोडून असल्या नटलेल्या गाडीची वाट बघत उभी राहतात, तेव्हा दोष तुमच्या वयाचा आहे.

गाडी भरलेली दिसली की लगेच चढा. आता सुटेलच, हा हिशेब अगदी बरोबर. तुम्ही टेकलात की तिघे-चौघे शांतपणे उतरतील आणि मागच्या गाडीत जाऊन बसतील. गाडी भरल्यासारखी दिसावी म्हणून बसायचेच त्यांना पैसे मिळतात. त्यांच्याकडे रोखून बघू नका, पोट प्रत्येकाला असतं.

भाडं कुणाला विचारत बसू नका, आभाळाकडे बघा. चार थेंब पडले की ते वाढतं. ऑफिसं सुटायच्या वेळी आभाळ कोरडं असलं तरी वाढतं. नोट हजार शिलिंगची द्या, म्हणजे बाकीच्या पैशांसाठी शेवटच्या स्टॉपपर्यंत कंडक्टरवर नजर ठेवता येईल आणि खिडकीबाहेरचं भयंकर काही दिसणार नाही.

नियम? भरपूर आहेत. २००४ साली परिवहनमंत्री जॉन मिचुकी यांनी एकदम चाबूकच उगारला. प्रत्येक सीटला पट्टा, ताशी ८० च्या पुढे न जाऊ देणारं यंत्र, गाडीच्या अंगावर पिवळा पट्टा, उभे प्रवासी बंद. सुरुवातीला कितीतरी गाड्या रस्त्यावरच आल्या नाहीत आणि लोक पायी कामावर गेले. आज सीटचा पट्टा हातात धरून बसायची पद्धत आहे. पुढे पोलीस दिसले की कंडक्टर इशारा देतो, मग सगळी गाडी एका सुरात खटाखट पट्टे लावते. तेवढ्यात तुमचा अडकला तर मात्र परदेशी असूनही शिव्या खाल.

ड्रायव्हरने फूटपाथवरून किंवा समोरच्या लेनमधून गाडी घातली तर बोलू नका. मालकाला रोजचा ठरलेला आकडा द्यायचा, डिझेल घालायचं, वाटेत कुणाकुणाचे हात ओले करायचे आणि मग उरेल ते त्याचं आणि कंडक्टरचं. कार्डाने भाडं घ्यायची टूम सरकारने २०१४ च्या सुमारास काढली होती. ती का बारगळली, हे ज्याला समजत नाही त्याने वरचं वाक्य पुन्हा वाचावं.

एवढं करूनही राग आवरला नाही, तर गाडी कुणाच्या मालकीची ते शेजारच्याला विचारा. तो इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, कुणा पोलीस साहेबाची असल्याची बोलवा सांगेल. खरी असेल, खोटी असेल. तुम्ही आपली तक्रार रीतसर नोंदवा, जवळच्या पोलीस ठाण्यात.